काळीतलं पांढरं घर

भुसावळहून तापी ओलांडली की रस्ता यावल-फैजपूरकडे वळतो. दोन्ही अंगांना केळीच्या बागा, मधूनच कपाशी आणि तुरीचे पट्टे, उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. या हिरव्यात गावापासून लांब, विहिरीला धरून, एखादं बुटकं, सपाट माथ्याचं मातीचं घर उभं असतं. ते जमिनीच्याच रंगाचं असल्यामुळे बहुतेकांची नजर त्यावरून सरकून पुढे जाते. मला मात्र वाटतं, खानदेशानं जे जे सुंदर घडवलं त्यात या घराचा मान फार वरचा आहे, आणि कवितेला देतो तेवढा वेळ त्याला द्यायला हवा. इकडे त्याला धाब्याचं घर म्हणतात. गावातही ते असतं, पण मळ्यातलं धाब्याचं घर अधिक उघडं, अधिक वाचनीय. तिथे शेजारच्या घराची भिंत आधाराला नसते. जे काही आहे ते दोन माणसांनी आपल्या बळावर उभं केलेलं असतं.

दोन माणसं म्हणजे नवरा-बायको. गावातलं घर आजोबा-पणजोबांचं, सगळ्यांचं. भावांच्या वाटण्या झाल्या, किंवा विहिरीवर मोटर बसली आणि शेतीची वीज रात्रीच्या पाळीला येऊ लागली, की कुणाला तरी मळ्यात राहायला जावं लागतं. केळीला पाणी चुकवून चालत नाही. मग जातं ते धाकटं जोडपं. सातपुड्याच्या उतारावर भिल्ल आणि पावरा वस्त्यांत तर घरं मुळातच विखुरलेली, ज्याचं त्याच्या शेतात. तिथे लग्न झालेला मुलगा बापाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आपलं घर घालतो, आणि नर्मदाकाठच्या डोंगरात ज्याला लाह म्हणतात त्या रीतीनं गावातली माणसं एकमेकांच्या कामाला उभी राहतात. मजुरी कुणी घेत नाही, जेवण मात्र होतं. डोंगरातलं घर लाकूड-बांबूचं, कुडाच्या भिंतीचं. खालच्या सपाटीवर आलं की घर मातीचं होतं आणि त्याला धाबं चढतं.

पहिली अडचण पायाखालीच असते. शेत म्हणजे काळी. ही जमीन कपाशीला जितकी उदार तितकीच घराला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर थेट उभी केलेली भिंत दोन पावसाळ्यांत कोपऱ्यातून उकलते. जुन्या लोकांनी घरं गावठाणाच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या जमिनीत, ठेवली आणि काळी पिकासाठी मोकळी सोडली, त्यामागे हा अनुभव होताच. मळ्यात घर बांधणारं जोडपं ही जुनी वाटणी मोडून काळीत राहायला जातं, म्हणून त्या घराचा सगळा शहाणपणा जोत्यात एकवटतो. मुरूम लागेपर्यंत खणायचं. तापीकाठच्या खोल गाळात तो लवकर लागत नाही, तेव्हा रुंद चर काढून बाहेरून आणलेला मुरूम त्यात भरायचा, पाणी मारून धुमसानं ठोकायचा, आणि वर दगडाचं जोतं उचलायचं. घरापुढचा ओटाही याच जोत्याचा बाहेर आलेला भाग असतो. संध्याकाळी आपण ज्यावर बसतो ती खरं म्हणजे काळ्या जमिनीपासून घर वेगळं ठेवण्याची युक्ती आहे.

भिंतीला काळी चालत नाही, वाळताना ती तडकते. ओढ्याच्या काठची पिवळसर माती आणायची, तिच्यात गव्हाचा भुसा घालून ती भिजत ठेवायची. ती मुरते, किंचित आंबूस वास येऊ लागतो, मग पायांनी तुडवायची. तुडवण्याचं काम बहुधा दोघंही करतात. भिंत एका दमात उचलता येत नाही. हात-दीड हात उंचीचा थर घातला की तो सुकेपर्यंत थांबायचं आणि मग त्याच्यावर पुढचा. म्हणून गिलावा झडलेल्या जुन्या भिंतीवर आडव्या रेषा दिसतात. त्या रेषा मला फार मोलाच्या वाटतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक थांबा आहे. त्या थांब्यात शेतावरची निंदणी झाली असेल, कुणाच्या लग्नाला जाऊन आले असतील, पैसे संपले असतील. सिमेंटची भिंत बांधणीचा असा इतिहास आपल्या अंगावर ठेवत नाही.

पण या घराचा भार भिंत वाहत नाही, हे नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. भार वाहतात खांब. सागाचे मिळाले तर सागाचे, नाहीतर निंबाचे, बाभळीचे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, साधारण पाच-सहा फुटांचा, आणि घर मोजायचं ते खणांत. जोडपं सुरुवातीला दोन खणांत राहतं. पोरं झाली, दोन पैसे आले, की तिसरा खण जोडला जातो, आणि त्याचे खांब वेगळ्या झाडाचे असतात. भिंत फक्त ऊन, वारा आणि नजर अडवते. ओझं लाकडानं घ्यायचं आणि आडोसा मातीनं द्यायचा, या वाटणीमुळे भिंतीला तडा गेला तरी घर बसत नाही. तडा लिंपून घेता येतो.

आता धाबं. इथे थांबायला हवं, कारण या घरातलं सर्वांत कसदार काम डोक्यावर आहे. कड्यांवर आडव्या काटक्या किंवा चिरफळ्या. त्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुऱ्हाट्या दाट पसरायच्या. (याच पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांच्या जाळावर बामणोदच्या बाजूची हिरवी वांगी भाजून भरीत होतं. एका हंगामाचं उरलेलं छपरातही जातं आणि चुलीतही.) त्यावर निंबाचा पाला, वाळवी दूर राहावी म्हणून. पाल्यावर चिखलाचा जाड थर, आणि तो सुकल्यावर सर्वांत वर पांढरी माती, चोपून-चोपून बसवलेली. सगळं मिळून फूटभर किंवा त्याहून जाड. माथा डोळ्याला सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. एका बाजूला हलका उतार असतो आणि त्या टोकाला पन्हाळ. हा उतार इतका मापात असावा लागतो की पाणी थांबू नये आणि वाहताना माती घेऊन जाऊ नये. ही मापं कुठे लिहिलेली नाहीत. बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं हे पाहत उतार ठरवला जातो.

कोकणात असं छप्पर एक आषाढसुद्धा टिकणार नाही. तिथे पाऊस 3000 मिलीमीटर, इथे जळगाव जिल्ह्यात सरासरी 700 च्या आसपास. कोकणी घर पावसाला उत्तर देतं, खानदेशी घर उन्हाला. भुसावळचा मे महिना 45 अंशांच्या पलीकडे जातो, हे सांगायला वर्तमानपत्र लागत नाही. रेल्वेच्या फलाटावर दुपारी उभं राहिलेल्या कुणालाही ते माहीत आहे.

सगळ्यांत वरच्या त्या पांढऱ्या मातीबद्दल मला जे सांगायचं आहे त्यासाठीच हे लिहायला घेतलं. पांढरी शेतात मिळत नाही. ती गावठाणातून किंवा पडक्या गढीच्या ढिगाऱ्यातून गाडी भरून आणावी लागते. ती पांढरी का असते? कारण ती वस्तीची माती आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, पडलेल्या भिंती, विरघळलेली धाबी, चुना, शेण, हाडं, खापरं, हे सगळं एकावर एक साचून तिचा रंग आणि क्षार तयार झाले. पुरातत्त्वाचे अभ्यासक जुनी वस्ती शोधताना अशीच पांढरीची टेकाडं धुंडाळतात. तापी-गिरणेच्या खोऱ्यात प्रकाशे आणि बहाळ इथे 1950 च्या दशकात उत्खननं झाली, तेव्हा अशाच टेकाडांच्या पोटातून ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांच्या वस्त्या उघड झाल्या. म्हणजे नवं जोडपं आपल्या घरावर जी माती चढवतं ती आधीच्या घरांची माती असते. ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत अशा माणसांच्या चुलींची राख या दोघांच्या डोक्यावरचं पाणी अडवते. चोपून बसवलेली ही क्षारयुक्त, बारीक माती ओली झाली की घट्ट मिटते आणि पाणी आत झिरपू देत नाही, एवढं कारण घर बांधणाऱ्याला पुरतं. पण रसिकानं तिथे थोडं अधिक रेंगाळावं. काळीत उभ्या असलेल्या या घराला माथ्यावर गाव असतं.

घराचं दिवसाचं आणि रात्रीचं वागणं वेगळं असतं. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून उन्हाची झळ आत पोचायला बरेच तास जातात. दुपारी दोनला बाहेर पाखरू दिसत नाही तेव्हा आतल्या सारवलेल्या जमिनीवर पाठ टेकली की अंग सैल होतं. दार बुटकं, खिडक्या नाहीतच किंवा वीतभर, त्यामुळे आतला उजेड कायम संध्याकाळचा. भिंतीनं दिवसभर पोटात घेतलेली उष्णता रात्री आत सुटू लागते, तोवर माणसं शिडीनं धाब्यावर गेलेली असतात. उघड्या आभाळाखाली वरची माती लवकर निवते. त्याच धाब्यावर चैत्र-वैशाखात ज्वारीचे बिबडे, कुरडया, शेवया आणि पापड वाळतात. छप्पर म्हणून बांधलेली जागा वर्षातले चार महिने अंगण होते, खळं होते, निजघर होते. दोन खणांचं घर असं चार खणांचं होतं, आणि वरच्या दोन खणांना खर्च शून्य.

आत गेलं की डोळे स्थिर व्हायला जरा वेळ द्यावा. मग दिसू लागतात त्या गोष्टी सुताराच्या किंवा गवंड्याच्या नाहीत. चूल पाहा. तिची उंची, तोंडाची रुंदी, वैलाचं अंतर हे सगळं एका विशिष्ट बाईच्या बसण्यावर, तिच्या हाताच्या लांबीवर बेतलेलं असतं. दुसऱ्या घरची बाई त्या चुलीशी बसली तर तिला भाकरी टाकताना अडखळायला होतं. भिंतीतली दिवळी पाहा. ती अशा ठिकाणी असते की दिव्याचा उजेड चुलीवरही पडावा आणि दारातही. मडक्यांच्या उतरंडीसाठी भिंतीशी केलेला बुटका कट्टा, जात्याची जागा, कोपऱ्यातली पाण्याची मोरी, या सगळ्या खुणा तिच्या रोजच्या फेऱ्यांवरून पडलेल्या असतात. वर पाहिलं तर कड्या धुरानं काळ्याभोर आणि चकचकीत. हा धूर डोळ्यांना आणि छातीला वाईटच, त्यात काही काव्य शोधू नये. पण त्या काजळीनं लाकूड किडीपासून राखलं हेही खरं.

या घराला दोन कर्ते आहेत आणि दोघांचे हात ओळखू येतात. जोतं, खांब, कड्या ही त्याची बाजू. गिलावा, जमीन, चूल, दिवळ्या, ओट्याची गोलसर केलेली कड ही तिची. सुगरण पक्ष्याच्या घरट्यात मला ही जोडी सापडते. भुसावळपासून फार लांब नसलेल्या आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी सुगरणीच्या खोप्यावर लिहिलेली कविता मराठी घरांत पाठ आहे. विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला लटकणारा हा खोपा नर विणतो. अर्धा विणून झाला की मादी येते, आत शिरून पाहते, पसंत पडला तर राहते. मग नर लांब नळीसारखं दार विणून तो पुरा करतो आणि आतली मऊ अस्तरं मादी लावते. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी 1930 च्या सुमारास कोकणात किहीमला बसून हे सगळं बारकाईनं टिपलं. बाहेरचं विणकाम पाहून आपण थक्क होतो. पिल्लं मात्र वाढतात ती आतल्या अस्तरावर.

माणसांच्या घरात एक गोष्ट वेगळी आहे. त्याचं काम बहुतांशी एकदाच होतं, तिचं कधीच संपत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खानदेशात घरं लिंपायला निघतात. सालदारांची सालं आखाजीला बदलतात, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, आणि या सगळ्याच्या आधी भिंतींना नवा हात फिरलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर पांढरीचा नवा थर जातो, दिवाळीला पुन्हा सारवण. गिलाव्यावर तिरपा उजेड पडला की तळव्याचे अर्धगोल एकाला एक लागून उमटलेले दिसतात. कोपऱ्यात ते लहान होतात, कारण तिथे फक्त बोटं पोचतात. पंधरा वर्षांच्या घरावर असे किती पदर असतील! ते घर पहिल्या वर्षी होतं तसं आज नसतं, दरवर्षी त्याचा नवा पाठ तयार झालेला असतो. आपल्या वास्तुविचारात बांधणाऱ्याचं कौतुक आहे, राखणाऱ्याचं नाही, आणि मला ही उणीव फार टोचते. मातीचं घर राखणं थांबलं की तीन-चार पावसाळ्यांत ते परत जमीन होतं. मग ते कुणी उभं ठेवलं?

या घराचे दोषही स्पष्ट सांगायला हवेत. धाब्यावर दरवर्षी माती चढते आणि जुनी खरवडली नाही तर ओझं वाढत जातं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यांतली कितीतरी दगडमातीच्या रुंद, बांधणी नसलेल्या भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदं, म्हणजे तिकडची धाबी, कोसळून गेली. तेव्हापासून मातीच्या घरावरचा महाराष्ट्राचा विश्वास उडाला तो उडालाच. खांबांचा सांगाडा नीट जोडलेला असेल आणि माथ्याचं ओझं मापात राखलं असेल तर धोका पुष्कळ घटतो. पण सागाचे खांब आता शेतकऱ्याला परवडत नाहीत, आणि कमी जाडीच्या, घाईनं केलेल्या धाब्याची मी शिफारस करणार नाही. शिवाय वर्षानुवर्षं शेण-मातीत हात घालण्याला ती बाई कंटाळली असेल तर तो तिचा हक्क आहे. बाहेरून येऊन सौंदर्य पाहणाऱ्यानं तिला मातीच्या घरात राहण्याचा उपदेश करू नये.

म्हणून आजचं जोडपं मळ्यात वेगळं घर बांधतं. दीपनगरच्या वीज केंद्राची राख विटांत येते, वर सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला 2016 पासून मैदानी भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळू लागले, किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा धरून. पाऊस गळत नाही, लिंपण नाही, साप-विंचवाची भीती कमी. पण मेच्या दुपारी चार इंची स्लॅबखाली बसवत नाही. काही ठिकाणी मात्र शहाणी माणसं भिंत विटांची बांधून स्लॅबवर पऱ्हाट्या अंथरतात, पुढे निंबाखाली ओटा मातीचाच ठेवतात. बिबडे अजून वरच वाळतात. धाबं गेलं तरी धाब्याचा वापर गेला नाही, आणि नवं काही सुचायचं असेल तर ते या वापरातून सुचेल.

हाताशी असलेल्या सामानातून नवं घडवण्याचा एक मोठा धडा या भागाला एकदा मिळून गेला आहे. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरलं, पंडित नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींचा आग्रह असा की जे उभारायचं ते जवळच्या सामानातून, जवळच्या कारागिरांकडून. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू आणि गवत-काड्यांतून टिळकनगर सजवलं. देशातला एक अव्वल चित्रकार इथल्या शेतकऱ्याच्या नेहमीच्या सामानाला मानाची जागा देत होता. पुढे वास्तुविशारद लॉरी बेकर आणि डॉक्टर एलिझाबेथ या दांपत्यानं 1948 मध्ये लग्न केल्यावर पिथौरागडच्या डोंगरात घर आणि दवाखाना बांधला, तेव्हा बेकरही डोंगरातल्या शेतकऱ्यांची घरं पाहतच शिकले. दोन्ही ठिकाणी शिकलेल्या माणसानं अडाणी समजल्या गेलेल्या हातांकडे आदरानं पाहिलं. आपल्या वास्तुकला महाविद्यालयांनी धाब्याच्या घराची मोजमापं अजून तरी काढून ठेवावीत. उभी घरं दरवर्षी कमी होत आहेत.

शेवटचा प्रश्न सहीचा. एवढं दोघांनी मिळून केलं, पण ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत, नमुना 8 मध्ये, घर लागायचं एकट्या पुरुषाच्या नावे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1980 च्या दशकाच्या अखेरीस लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा वाटा बायकोच्या नावे केला, त्यात जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे गाव पुढे होतं. 2003 मध्ये राज्य शासनानं ‘घर दोघांचे’ म्हणत मिळकतीच्या नोंदीत पतीसोबत पत्नीचं नाव लावायला सांगितलं. घरकुलही आता बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं. कागदाला हे उशिरा सुचलं. गिलाव्यावर तिची सही आधीपासून होती.

असं घर पाहायचं असेल तर आखाजीच्या आधीच्या आठवड्यात जावं, दुपारी जावं, चप्पल ओट्याखाली काढावी आणि आत जाऊन काही न बोलता थोडं बसावं. ऊन उतरलं की शिडीनं वर जाऊन पन्हाळीच्या बाजूचा उतार पायांनी अजमावून पाहावा. मग त्याला विचारावं, मुरूम किती खोल लागला आणि पांढरी कुठून आणली. तिला विचारावं, गिलाव्यात भुसा किती आणि शेण किती, कारण हे प्रमाण प्रत्येक घरचं वेगळं असतं आणि ते फक्त तिलाच ठाऊक असतं. आणि नमुना 8 वर कुणाचं नाव आहे, हे दोघांनाही एकत्र विचारावं.